रिपोर्टवर ‘पी-५३’ दिसतंय, मग नाकातली गाठ साधी कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, शेती करतात. दीड वर्षापासून उजवी नाकपुडी बंद, अधूनमधून रक्ताचा ठिपका. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तुकडा तपासणीच्या रिपोर्टवर ‘सायनोनेझल पॅपिलोमा, इन्व्हर्टेड प्रकार, डिसप्लेजिया नाही’ (म्हणजे पेशींत कॅन्सरकडे झुकणारे बदल नाहीत) असं लिहिलंय आणि खाली तीन ओळी आहेत: ‘पी-५३: तळच्या थरातल्या पेशींत विखुरलेलं, वाइल्ड टाइप. पी-१६: ठिकठिकाणी. की-६७: तळच्या थरांपुरतं.’ सर्जन म्हणतात गाठ साधी आहे. मुलाने पी-५३ शोधलं तर सगळीकडे कॅन्सरच कॅन्सर. आता त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: गाठ साधी असेल तर पी-५३ का दिसलं? दुसरीकडे पुन्हा तपासणी करावी का? आणि हे जनुकाचं प्रकरण असेल तर आम्हा भावंडांनीही तपासून घ्यायचं का?

आधी उत्तर देतो, कारण तुम्ही घाबरलेले आहात. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमधली पी-५३ची ओळ चांगली ओळ आहे. ‘वाइल्ड टाइप’ या शब्दांनी लोक दचकतात, पण जनुकशास्त्रात ‘वाइल्ड’ म्हणजे निसर्गाने दिलेलं, न बिघडलेलं. पी-५३ हे पेशीतलं कॅन्सर रोखणारं प्रथिन; ते शाबूत आहे, एवढाच त्या ओळीचा अर्थ. भावंडांच्या तपासणीची गरज नाही. पुन्हा तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सत्तावीस वर्षं काचपट्ट्या बघतो आहे आणि त्यातली बरीच वर्षं कान-नाक-घशाच्या तुकड्यांत गेली. या एका प्रथिनाइतका रुग्णांचा गैरसमज दुसऱ्या कुठल्याही ओळीबद्दल झालेला मी पाहिला नाही. काही जण तर ५३ हाच आपला आकडा समजतात. ‘पी त्रेपन्न आलाय, नॉर्मल किती असतो?’ असं मला अनेकदा विचारलं गेलं आहे. विचारणाऱ्याची त्यात काही चूक नाही. साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन सगळं आकड्यातच येतं. इथे मात्र ५३ हा नावाचा भाग आहे. हे प्रथिन सापडलं तेव्हा त्याचं वजन ५३ किलोडाल्टन (प्रथिनांचं वजन मोजायचं एकक) भासलं, म्हणून पी-५३. खरं वजन सुमारे ४४च भरतं. साखळीतल्या प्रोलीन या घटकाच्या भरण्यामुळे ते वजन मोजायच्या जेलमधून सावकाश सरकतं आणि जड वाटतं. नाव तेच राहिलं.

आता ते करतं काय? वडील शेतकरी आहेत म्हणून विहिरीवरच्या मोटरचं उदाहरण घेतो. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. एखादा फेज गेला, मोटर अडकली, तार तापू लागली की तो ट्रिप होतो आणि मोटर जळण्याआधी थांबते. बिघाड किरकोळ असेल तर दुरुस्त करून पुन्हा चालू करता येते. पी-५३ पेशीमध्ये असंच काम करतं. डीएनए तुटला की ते पेशीचं विभाजन थांबवतं. त्यासाठी ते पी-२१ नावाचं दुसरं प्रथिन तयार करायला लावतं आणि ते विभाजनाचं चाक रोखून धरतं. दुरुस्ती झाली तर पेशी पुढे जाते; नाहीच झाली तर पी-५३ त्या पेशीला स्वतःहून मरायला लावतं. १९९२मध्ये डेव्हिड लेन यांनी त्याला ‘जनुकसंचाचा राखणदार’ म्हटलं ते यामुळेच.

मग गोंधळ कुठून आला? त्याला इतिहास आहे. १९७९मध्ये पी-५३ सापडलं ते एका विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेलं, कॅन्सर झालेल्या पेशींमध्ये. तिथून पुढची दहा वर्षं ते कॅन्सर घडवणारं प्रथिन मानलं गेलं, कारण प्रयोगशाळांमध्ये ज्या प्रती वापरात होत्या त्या बिघडलेल्या होत्या. १९८९मध्ये आतड्याच्या कॅन्सरवरच्या कामातून उलगडा झाला की मूळ, न बिघडलेलं पी-५३ कॅन्सर रोखतं. एका ओळीत ‘पी-५३मुळे कॅन्सर’ आणि दुसऱ्या ओळीत ‘पी-५३ कॅन्सरपासून वाचवतं’ अशी दोन्ही वाक्यं तुम्हाला सापडतील. पहिल्यात बिघडलेलं अभिप्रेत आहे, दुसऱ्यात शाबूत.

इथे तुमच्या प्रश्नाचा गाभा येतो, म्हणून सावकाश वाचा. पी-५३ शोधायला आम्ही तुकडा रंगवतो. तेव्हा काचपट्टीवर जो तपकिरी रंग बघतो तो जनुकाचा रंग नाही. पेशीच्या केंद्रकात त्या क्षणी किती पी-५३ साठलं आहे, एवढंच तो सांगतो. निरोगी पेशी हे प्रथिन सतत बनवते आणि सतत मोडते. एमडीएम-२ नावाचं प्रथिन त्याला धरून मोडीत काढतं, आणि साधारण २० मिनिटांत निम्मं संपतं. त्यामुळे शांत पेशीत ते रंगात दिसण्याइतकं साठतच नाही. डीएनएला इजा झाली की हे मोडणं थांबतं, पी-५३ साठतं, काम करतं, आणि काम झाल्यावर पुन्हा कमी होतं. त्या मधल्या वेळेत तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडला तर ते केंद्रक काचपट्टीवर तपकिरी दिसणार. म्हणजे तो रिले ट्रिप झालेला आहे, आपलं काम करतो आहे.

जनुकात एका अक्षराचा असा बदल झाला की प्रथिन बनतं पण काम करत नाही, तर वेगळंच घडतं. असं निकामी पी-५३ सहसा मोडलं जात नाही. ते साठत राहतं आणि त्या पेशीपासून झालेल्या प्रत्येक पेशीत गच्च साठतं. आणि जनुकाचं वाक्यच मधे तुटलं तर प्रथिन तयारच होत नाही. मग रंग अजिबात येत नाही. बिघाडाची ही दोन टोकं आहेत: सगळीकडे गडद, किंवा कुठेच नाही. मधली जी अवस्था असते, म्हणजे काही केंद्रकं फिकट, काही मध्यम, एखादं गडद, बाकी निळी (म्हणजे तपकिरी रंग न आलेली), ती शाबूत पी-५३ची. ‘कमी म्हणजे चांगलं, जास्त म्हणजे वाईट’ असा सरळ हिशोब इथे चालत नाही.

‘कुठेच नाही’ हा प्रकार ओळखणं जास्त अवघड. तुकडा नीट रंगलाच नसेल तरीही रंग दिसणार नाही. म्हणून आम्ही आजूबाजूच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि संयोजी ऊतीतल्या पेशी बघतो. त्यांच्यात अधूनमधून फिकट तपकिरी केंद्रकं दिसली, पण गाठीच्या आवरणात एकही नाही, तरच तो खरा अभाव. या पेशीही कोऱ्या असतील तर रिपोर्ट देऊच नये, तुकडा पुन्हा रंगवावा.

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक चूक इथे सांगणं मला आवश्यक वाटतं. पन्नाशीच्या एका शिक्षकांच्या नाकातला इन्व्हर्टेड पॅपिलोमा होता. मी केंद्रकं मोजली आणि लिहिलं: ‘पी-५३ पॉझिटिव्ह, ४० टक्के’. एवढंच. ती केंद्रकं तळच्या दोन-तीन थरांत होती, फिकट-गडद मिसळलेली होती, वरचे थर निळे होते, हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं. कागदावर मात्र आलं नाही. सर्जनांनी तो आकडा घातक बदलाची खूण म्हणून वाचला आणि चेहऱ्यावर छेद घेऊन मोठं ऑपरेशन करायचं ठरलं. घरच्यांनी जमिनीचा तुकडा विकायची तयारी केली. सुदैवाने काचपट्ट्या एका ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्टकडे गेल्या. त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, ‘टक्के मोजलेस, पण रंग कुठल्या थरात आहे ते का नाही लिहिलंस?’ मोठं ऑपरेशन टळलं. त्या कुटुंबाचे ते तीन आठवडे मात्र माझ्या एका अपुऱ्या ओळीमुळे गेले. तेव्हापासून पी-५३च्या ओळीत मी थर, गडदपणा आणि विखुरलेपण लिहितो. टक्के लिहिलेच तर शेवटी. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘तळच्या थरातल्या पेशींत विखुरलेलं’ असं लिहिलंय, म्हणजे ज्यांनी तो बघितला त्यांनी नीट बघितलाय.

तळचा थरच का? नाकाच्या आतलं आवरण झिजतं आणि तळच्या पेशींपासून भरून येतं. विभाजन तिथेच चालतं, डीएनएच्या नकला तिथेच काढल्या जातात, म्हणून चुका आणि त्यांची राखणही तिथेच. की-६७ हा विभाजनात असलेल्या पेशींचा खुणादर्शक. तोही त्याच थरात आहे. दोन्ही एकाच जागी आहेत आणि वर जाताना दोन्ही मावळतात, म्हणजे घडी विस्कटलेली नाही. हेच दोन्ही रंग जर वरच्या थरांपर्यंत चढले असते, आणि पेशींची केंद्रकंही वेडीवाकडी झाली असती, तर मी वेगळं बोललो असतो.

आता तुमच्या वडिलांच्या गाठीबद्दल. नाकातल्या त्या नाजूक आवरणाला श्नायडरचं नाव आहे. सतराव्या शतकात विटेनबर्गच्या या प्राध्यापकाने दाखवून दिलं की सर्दीचं पाणी मेंदूतून झिरपत नाही, ते नाकाच्या आवरणातूनच येतं. या आवरणातून उगवणाऱ्या गाठी म्हणजे पॅपिलोमा, आणि त्यांचे तीन प्रकार आहेत. एक बाहेर फुलकोबीसारखा वाढणारा, बहुधा नाकाच्या मधल्या पडद्यावर. त्यात एचपीव्ही या विषाणूचे ६ आणि ११ हे कमी धोक्याचे प्रकार अनेकदा सापडतात. दुसरा ऑन्कोसायटिक, विरळा. तिसरा इन्व्हर्टेड, सर्वांत जास्त भेटणारा. १९३८मध्ये स्वीडनच्या रिंगर्ट्झ यांनी त्याचं आत वळणं नीट नोंदवलं. हातमोज्याची बोटं आत ढकलावीत तसं हे आवरण आतल्या ऊतीत शिरतं, पण आवरण आणि ऊती यांच्यातला तळपडदा फाडत नाही. तो पडदा अभंग आहे तोवर गाठ साधी.

‘साधी’ हा शब्द मात्र मी जपून वापरतो. ही गाठ हाडाला दाबते, पुन्हा उगवते, आणि साधारण ५ ते १५ टक्के रुग्णांत तिच्यासोबत किंवा तिच्यातून पुढे स्क्वेमस (आवरणाच्या चपट्या पेशींचा) कॅन्सर आढळतो. यातले बरेचसे कॅन्सर पहिल्याच ऑपरेशनच्या तुकड्यात सापडतात; नंतर होणारे कमी. म्हणून पहिल्या तुकड्याची तपासणी कसोशीने झाली का, याला माझ्या लेखी पी-५३पेक्षा जास्त वजन आहे.

पी-५३ शाबूत असेल तर गाठ वाढलीच कशी, असं तुम्ही विचाराल. याचं उत्तर गेल्या दहा-बारा वर्षांत मिळालं. २०१५मध्ये मिशिगनच्या एका गटाने दाखवलं की बहुसंख्य इन्व्हर्टेड पॅपिलोमांमध्ये ईजीएफआर या वाढीचा संदेश घेणाऱ्या जनुकात बदल असतो, बहुतेक वेळा त्याच्या विसाव्या खंडात काही अक्षरं जास्तीची घुसलेली. पुढे त्यांनाच ऑन्कोसायटिक प्रकारात केआरएएस जनुकातला बदल सापडला. मोटरच्या भाषेत सांगायचं तर स्टार्टरचं हिरवं बटण आत अडकून बसलंय. मोटर थांबत नाही, म्हणून गाठ वाढते. पण रिले जागेवर आहे, म्हणून मोटर जळत नाही. या गाठीत कॅन्सर उपजतो तेव्हा त्या कॅन्सरमध्ये ईजीएफआरचा तोच बदल मिळतो, आणि त्याच्या जोडीला आता पी-५३चं जनुक बिघडलेलं किंवा पी-१६चं जनुक गळालेलं असतं. बटण आधीपासून अडकलेलं होतं, नंतर रिलेही गेला. साध्या गाठीत राखणदार प्रथिनांकडे बघायचं ते या दुसऱ्या पायरीची चाहूल घेण्यासाठी.

यामुळे पी-५३चा रंग खरा उपयोगी पडतो तो संशयाच्या जागी. गाठीचा नव्वद टक्के भाग शांत दिसतो, आणि एका कोपऱ्यात पेशी जरा दाटीवाटीने, केंद्रकं जरा गडद, तळपडद्याशी जरा धूसर. हा सूजेमुळे झालेला बदल की डिसप्लेजिया? या गाठीत न्यूट्रोफिल्स या पांढऱ्या पेशी आवरणात घुसून बसतात आणि सूजेने पेशी अशा काही बदलतात की अनुभवी माणूसही थबकतो. तिथे पी-५३ लावलं आणि त्या कोपऱ्यातली झाडून सगळी केंद्रकं एकसारखी गडद आली, शेजारचं आवरण मात्र विखुरलेलं, दोहोंमध्ये रेघ ओढावी तशी सीमा, तर मी तो ब्लॉक (तुकडा बसवलेली मेणाची वडी) आणखी खोल कापायला सांगतो आणि सर्जनला त्याच दिवशी फोन करतो. रेघ ओढल्यासारखी ती सीमा मला कुठल्याही टक्क्यापेक्षा जास्त सांगते.

पी-१६बद्दल थोडक्यात. तेही गाठ रोखणारंच प्रथिन. गर्भाशयमुखाच्या किंवा टॉन्सिलच्या कॅन्सरमध्ये ते गच्च दिसलं तर एचपीव्हीचा हात आहे असं धरतात, कारण विषाणूचं ई-७ प्रथिन आरबी या दुसऱ्या राखणदाराला नष्ट करतं आणि त्यामुळे पी-१६ उसळतं. त्याच विषाणूचं ई-६ पी-५३ला मोडीत काढतं. नाकातल्या पॅपिलोमात मात्र पी-१६वरून एचपीव्हीचा निष्कर्ष काढू नये. दोहोंचा मेळ तिथे भरवशाचा नाही. ‘ठिकठिकाणी’ हे साध्या गाठीत नेहमी दिसणारं चित्र आहे. ते वाचून विषाणू कुठून आला, कोणाकडून आला, असली शंका घरात कोणी आणू नये.

काही वाचक दोन्ही बाजूंच्या नाकातल्या साध्या पॉलिपचे रिपोर्ट घेऊन हाच प्रश्न विचारतात, म्हणून तेही सांगतो. ॲलर्जी, दमा, ॲस्पिरीनचं वावडं यांच्यासोबत येणारे, सोललेल्या द्राक्षांसारखे पाणीदार पॉलिप ही सुजेची फुगवटी आहे. गाठ या अर्थाने गाठच नाही. त्यांच्यावर पी-५३चे अभ्यास बरेच झाले. कुणाला ते निरोगी आवरणापेक्षा जास्त दिसलं, कुणाला फरक दिसला नाही. रंगवायला वापरलेले प्रतिपिंड वेगळे, किती केंद्रकं तपकिरी असली म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ धरायचं त्याची रेषा वेगळी, मग निष्कर्ष जुळणार कसे? इओसिनोफिल्स या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या माऱ्याने आवरण सतत सोलवटतं, तळच्या पेशी सतत भरून काढतात, त्या गडबडीत पी-५३ थोडं वाढलेलं दिसणं मला स्वाभाविक वाटतं. हे पॉलिप कॅन्सरकडे जाणारे नव्हेत. त्यांच्यावर पी-५३ लावायला संशोधनाबाहेर काही कारण नाही, आणि रुग्णाच्या पैशाने तर मुळीच लावू नये.

आपल्याकडे ‘नाकात मांस वाढलंय’ या एका वाक्यात हे सगळं मावतं, आणि तिथूनच अर्धा घोळ होतो. त्याच नावाने माझ्याकडे पूर्व विदर्भातून ऱ्हायनोस्पोरिडियोसिसचे तुकडे आले आहेत, तळ्यात पोहणाऱ्या माणसांचे, तुतीच्या फळासारखे लाल आणि पृष्ठभागावर पांढरे ठिपके असलेले. ती गाठ नव्हे, संसर्ग आहे. त्याच नावाने किशोरवयीन मुलांचा अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, येतो, ज्याचा ओपीडीत तुकडा घ्यायला गेलं तर रक्त थांबता थांबत नाही. एकाच बाजूची नाकपुडी बंद असेल तर ‘साधा पॉलिप’ म्हणून औषधावर वर्ष काढू नये.

अँजिओफायब्रोमाचं नाव निघालं म्हणून एक आडवळण घेतो, कारण तिथे राखणदार जनुकाची गोष्ट घरातल्या इतरांपर्यंत पोचते. एपीसी हे आतड्याच्या पॉलिपशी निगडित गाठरोधक जनुक. ते जन्मतः बिघडलेल्या घराण्यांतल्या मुलांत अँजिओफायब्रोमा होऊ शकतो, आणि याच बिघाडाच्या गार्डनर सिंड्रोम या प्रकारात कपाळाच्या सायनसमध्ये, जबड्यात हाडाच्या साध्या गाठी, म्हणजे ऑस्टिओमा, होतात. एकच ऑस्टिओमा सीटीत योगायोगाने दिसला तर काळजीचं कारण नाही. पण तरुण माणसाच्या चेहऱ्याच्या हाडांत एकाहून अधिक ऑस्टिओमा असतील, तर नाकाच्या डॉक्टरांनी आतड्याची चौकशी करायलाच हवी. हाडाची गाठ निरुपद्रवी असते, आतड्यातले पॉलिप नसतात.

तुमच्या वडिलांचं तसं नाही. इन्व्हर्टेड पॅपिलोमातले बदल त्या आवरणातल्या पेशींत, आयुष्याच्या ओघात झालेले असतात. रक्तात, बीजात नसतात. पी-५३चं जनुक जन्मतः बिघडलेलं असण्याचा ली-फ्राउमेनी नावाचा विकार आहे, पण त्यात घरात लहान वयात स्तनाचे, हाडांचे, मेंदूचे, अधिवृक्क ग्रंथीचे कॅन्सर दिसतात. शिवाय तुमच्या वडिलांचं पी-५३ शाबूत आहे. तेव्हा भावंडांच्या रक्ताच्या जनुकीय तपासणीवर एक रुपयाही घालवू नका.

दुसरं मत घ्यायचं का? घ्यायचं असेल तर नवा तुकडा काढायला लावू नका आणि रंगांचा मोठा संच नव्याने करायलाही सांगू नका. प्रयोगशाळेकडून मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या, आणि डोकं-मानेच्या गाठी नियमित बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे द्या. पहिलं काम गुलाबी-जांभळ्या रंगाच्या नेहमीच्या काचपट्टीवर होतं, पी-५३ तिच्यानंतर. रिपोर्टमध्ये ‘डिसप्लेजिया’ असता, रंगाबद्दल ‘अनिश्चित’ असं लिहिलेलं असतं, किंवा सीटीमध्ये हाड खाल्लेलं दिसत असताना रिपोर्ट मात्र साधा असता, तर मी दुसऱ्या मताचा आग्रह धरला असता.

त्याहून निकडीचा प्रश्न वेगळा आहे: काढलेलं सगळं मांस प्रयोगशाळेत पोचलं का? दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मायक्रोडेब्रायडर हे यंत्र गाठ कुरतडत ओढून घेतं आणि चुरा सक्शनच्या बाटलीत जातो. चिमट्याने घेतलेले दोन-तीन तुकडे बरणीत आणि बाकी सगळं बाटलीतून मोरीत, असं मी पाहिलं आहे. कॅन्सरचा कोपरा नेमका त्या चुऱ्यात असू शकतो. सक्शनला जाळी लावून चुरा गोळा करता येतो आणि तो पाठवलाच पाहिजे. दुसरी हयगय फॉर्मॅलिनची. सलाइनमध्ये किंवा नुसत्या पाण्यात रात्रभर राहिलेला तुकडा सडू लागतो आणि मग रंगावर भरवसा उरत नाही. ‘पी-५३ नाही’ असा खोटा रिपोर्ट अशाच तुकड्यांतून निघतो. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन हवं. तुमच्या रिपोर्टच्या वरच्या भागात ‘तुकड्यांचा एकूण आकार’ आणि ‘संपूर्ण तपासणीसाठी घेतला’ अशा अर्थाची ओळ असेल, ती वाचा. दोन सेंटिमीटरची गाठ काढली आणि प्रयोगशाळेत अर्धा सेंटिमीटर आला असेल, तर सर्जनना जरूर विचारा.

पुन्हा होईल का, हे पी-५३वरून ठरत नाही. ते मुख्यतः गाठीचं मूळ कुठे चिकटलं होतं आणि तिथलं आवरण हाडापर्यंत काढून हाड ड्रिलने घासलं का, यावर ठरतं. सीटीमध्ये एका जागी हाड जाड झालेलं दिसतं, बहुधा तिथेच मूळ असतं. नुसतं मांस ओढून काढलं आणि मूळ तसंच राहिलं तर गाठ परत येते आणि लोक म्हणतात ‘पी-५३ होतं म्हणून आली’. आणि उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगतो: आजचं शाबूत पी-५३ हे पुढच्या वीस वर्षांचं हमीपत्र नाही. ती काढलेल्या तुकड्याची, त्या दिवसाची नोंद आहे. म्हणून दुर्बिणीने नाक बघत राहणं चुकवायचं नाही. परत येणाऱ्या गाठी बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत येतात, काही फार उशिरा. पहिलं वर्ष दर तीन-चार महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा, असं मी माझ्या ओळखीच्या सर्जनांना करताना बघतो आणि मला ते योग्य वाटतं. परत आलेल्या गाठीचा प्रत्येक तुकडा पुन्हा तपासायचा. ‘जुनंच आहे’ म्हणून टाकून द्यायचा नाही. केमोथेरपी किंवा शेक देण्याचा प्रश्न साध्या गाठीत येत नाही.

विडी, सिगारेट, तंबाखू, तपकीर, मिश्री यातलं वडील जे काही घेत असतील ते थांबवायला सांगा. तंबाखूच्या धुरातली रसायनं पी-५३च्या जनुकावर ठराविक जागी घाव घालतात, हे फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये चांगलं सिद्ध झालेलं आहे. ज्या आवरणात बटण आधीच अडकलंय तिथे रिलेला आणखी धक्के देऊ नयेत.

पुढच्या भेटीला जाताना सीटीची सीडी, ऑपरेशनची नोट आणि हा रिपोर्ट एकत्र न्या. सर्जनना दोनच गोष्टी विचारा: मूळ नेमकं कुठे होतं, आणि सक्शनमधलं मांस तपासणीला गेलं का. उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या. दोन वर्षांनी दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, तर आधी कुठल्या कोपऱ्यात बघायचं ते त्यांना त्या चिठ्ठीवरून कळेल.